कठडा कुणासाठी?

आजचा विषय ऐकून काहींनी आम्हाला विचारलं, तत्त्वज्ञानाचा माणूस कठड्यावर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. आयुष्यभर आम्ही कांट आणि शंकराचार्य शिकवले, घराच्या रेलिंगचा विचार कधी केला नाही. तो केला नाही म्हणूनच आज बोलायला उभे आहोत.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रत्नागिरीतलं आमचं घर जुनं, चिऱ्याचं. पुढच्या अंगाला माडी, माडीला सागवानी कठडा. माडीमागच्या भागात पुढे स्लॅब पडला आणि त्यावर एक मोकळी गच्ची झाली. तिथून समुद्राची एक पट्टी दिसते. जुना लाकडी कठडा वाळवीने पोखरला होता. तो काढला आणि माडी व गच्ची दोन्हीकडे चकचकीत स्टीलचं रेलिंग बसवून घेतलं. उभे खांब आणि त्यांतून गेलेले पाच आडवे पाइप. 'सर, आता सगळीकडे हीच डिझाईन चालते,' असं बसवणारा म्हणाला. आम्हालाही आवडलं. दिवाळीत नात आली, चार वर्षांची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिसऱ्या पाइपवर उभी होती, पोट वरच्या पाइपवर, हात बाहेर. सौभाग्यवती वाळवणाचं ताट घेऊन आल्या म्हणून दिसलं. त्यांनी ताट टाकलं आणि मुलीला मागून धरलं. आम्ही दहा फुटांवर वर्तमानपत्र वाचत होतो.

मुलीची चूक नव्हती, आम्ही शिडी बसवली होती आणि ती शिडी चढली. त्यानंतर आम्ही या एका वस्तूचा इतिहास शोधू लागलो. त्यातून एक गोष्ट हाती लागली, तीच आज सांगायची आहे. प्रत्येक कठडा एका विशिष्ट शरीरासाठी बनलेला असतो. घरातलं शरीर बदलतं, बसण्याची-उठण्याची रीत बदलते, आणि कठडा मात्र जुन्याच शरीराला सांभाळत उभा राहतो.

सुरुवात जरा लांबून करू. 'कठडा' म्हटलं की कोकणातल्या माणसाला आधी विहीर आठवते. पण आपल्याकडचे सर्वांत जुने कठडे पाहायचे तर ते दगडात कोरलेले आहेत. सांचीच्या स्तूपाभोवतीची वेदिका पाहा. उभे स्तंभ, त्यांत अडकवलेल्या आडव्या सूची आणि वर उष्णीष, म्हणजे माथ्यावरचा दगड. दगडाला अशा जोडणीची गरज नसते. ही सुताराची जोडणी आहे, पाथरवटाने ती लाकडावरून उचलली. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर मळवलीजवळची भाजे लेणी. इसवी सनाच्या पूर्वी दुसऱ्या शतकातली. तिथल्या चैत्याच्या दर्शनी भागावर सज्जे कोरले आहेत आणि सज्जांना वेदिकेची नक्षी आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या मुलखात माड्यांची लाकडी घरं होती आणि त्यांना कठडे होते. लाकूड गेलं, दगडातली त्याची नक्कल राहिली.

इथे एक फरक लक्षात ठेवा. स्तूपाभोवतीची वेदिका जमिनीवर आहे. ती पावित्र्याची हद्द सांगते. तिच्या आडव्या सूचींवर कुणी चढलं तर फार तर अपमर्यादा होईल. सज्ज्याचा कठडा जीव राखतो. दिसायला दोन्ही सारखे, काम मात्र वेगळं. सजावट आणि संरक्षण यांची ही गल्लत फार जुनी आहे. आमच्या स्टीलच्या पाइपांत तीच झाली होती.

आता आपल्या माडीकडे येऊ. हा बघा, जुन्या कठड्याचा एक गज आम्ही सोबत आणला आहे. कातलेला आहे, खाली-वर कुसू आहे. कुसू म्हणजे खाचेत बसणारं टोक. खिळा एकही नाही. याची लांबी मोजा, जेमतेम बावीस इंच. खालचा-वरचा दांडा धरून आमचा कठडा सव्वीस इंचांचा होता. उभ्या माणसाच्या मांडीला लागेल एवढाच. आपल्यापैकी ज्यांनी पुण्यातले वाडे किंवा कोकणातल्या जुन्या माड्या पाहिल्या आहेत, त्यांना तिथल्या खिडक्या आठवतील. जमिनीपासून वीतभर वर उंबरा, आणि खिडकीच्या खालच्या भागाला गज. आजचा माणूस म्हणेल, काय हे धोकादायक बांधकाम!

पण त्या माडीवर उभं कोण राहत होतं? माणसं चटईवर, घोंगडीवर, पाटावर बसत. लिहायला उतरतं मेज असे, तेही मांडीपुढे. जमिनीवर बसलेल्या माणसाचे खांदे साधारण दोन फुटांवर येतात. सव्वीस इंचांचा कठडा त्याला खांद्याशी लागतो, पाठीला टेकायला होतो, गजांतून वारा येतो आणि रस्ता दिसतो. त्या शरीरासाठी तो पुरेपूर सुरक्षित होता. शिवाय गज उभे आणि दाट. आमच्या गजांमधलं अंतर साडेतीन इंच होतं. सुताराने कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं, पण त्या घरात रांगणारी मुलं होती हे त्याला ठाऊक होतं.

मग खुर्ची आली. १८१८ नंतर इंग्रजी अंमल आला, रत्नागिरी जिल्ह्याचं ठाणं झालं, कचेऱ्या आल्या, बंगले आले. बंगल्याचा व्हरांडा हा खुर्चीचा प्रदेश. जमिनीवर बसणं आणि खुर्चीवर बसणं हा केवळ सोयीचा प्रश्न नसतो, त्यात राजकारणही असतं. याचा मोठा पुरावा आपल्याच गावात उभा आहे.

मंडालेच्या दरबारात इंग्रज वकिलालाही पादत्राणं काढून राजापुढे जमिनीवर बसावं लागे. १८७० च्या दशकात इंग्रज सरकारने त्याला नकार दिला आणि राजदरबाराशी थेट भेटीगाठी जवळपास थांबल्या. इतिहासात हा 'बुटांचा प्रश्न' म्हणून ओळखला जातो. पुढे नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले पडलं. थिबा राजाला आधी मद्रासेला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. १९१० साली त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा तयार झाला. तांबडा वाडा, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या, समोर भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र. डिसेंबर १९१६ मध्ये राजा तिथेच वारला. ज्याच्यापुढे साहेबाला जमिनीवर बसावं लागे, त्याला साहेबाच्या सरकारने बांधलेल्या घरात शेवटची वर्षं काढावी लागली. थिबा पॅलेस पाहायला गेलात तर रंगीत काचा जरूर पाहा. पण वरच्या मजल्यावर उभं राहून क्षणभर हेही मनात आणा की जमिनीवर बसणाऱ्यांचं जग कसं उठवलं गेलं.

खुर्ची आली की बसलेल्या माणसाचं डोकं चार फुटांवर जातं. माणूस उठून पटकन उभा राहतो, कठड्याशी जातो, कोपरं टेकतो. बंगल्यांनी कठडा उंच केला. आपल्या माड्यांवर खुर्च्या आल्या, कठडा मात्र आजोबांचाच राहिला. जुन्या घरांतून पडण्याच्या ज्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या, त्यांतल्या कितींचं मूळ त्या एका खुर्चीत असेल, याचा विचार करा.

लाकडानंतर लोखंड आलं. एकोणिसाव्या शतकात विलायतेतल्या कारखान्यांत ओतीव लोखंडाचे कठडे साच्यातून निघू लागले. वेलबुट्टी, फुलं, जाळ्या, हवी ती नक्षी. जहाजांत भरून ते मुंबईला येत. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल तर अख्खंच असं आलं. १८६० च्या दशकात त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून मुंबईत जोडला. प्रत्येक मजल्याला लांबरुंद सज्जे. पुढे त्याचं एस्प्लनेड मॅन्शन झालं, खोल्यांच्या आणखी खोल्या झाल्या, डागडुजी कुणाची हे ठरेना. जुलै २००५ मध्ये त्याच्या एका बाजूचे सज्जे रस्त्यावर कोसळले आणि एक माणूस मेला. लोखंड मजबूत म्हणून घेतलं, पण समुद्राकाठी लोखंड जगवायचं तर दरवर्षी खरवडून रंगवावं लागतं. ते कुणी करायचं, हे सज्जा बांधताना ठरलेलं नसतं.

याच काळात आपल्या जिल्ह्यातला माणूस मुंबईला जात होता. गिरणगावातल्या चाळींत रत्नागिरीची माणसं दाटीने राहिली. दहा बाय बाराची खोली आणि पुढे सामाईक गॅलरी. ही गॅलरी म्हणजे अंगण, पडवी, ओटी सगळं एकात. तिच्या कठड्यावर गाद्या वाळल्या, त्याला टेकून परीक्षांचे अभ्यास झाले, त्यावरून वाकून गणपतीची मिरवणूक पाहिली गेली. मजल्यावर मुलं अनेक आणि सगळ्यांचं लक्ष सगळ्या मुलांवर. कठडा कुठे तुटका असला तर शेजारची काकू ओरडायची. चाळीत अर्धं काम कठडा करायचा आणि अर्धं शेजार. आम्ही स्वतः चार वर्षं अशा गॅलरीत काढली आहेत, म्हणून सांगतो.

चाकरमान्यांनी पैसे साठवले आणि गावी स्लॅबची घरं बांधली. त्या घरांना बाल्कनी हवी होती. चाळीतली सवय अंगात, टेकायचं, वाकायचं, हाक मारायची. शेजार मात्र मुंबईत राहिला. बाल्कनीत आता एकटं मूल असतं आणि आजोबा वर्तमानपत्र वाचत असतात!

आता आजच्या रेलिंगकडे. यात तीन गोष्टी पाहायच्या: ते कशाचं आहे, कुठे रुतलं आहे आणि त्याची आखणी कशी आहे.

आधी कशाचं. आपल्याकडे हवेत मीठ आहे. साधा लोखंडी पाइप रंगाखालून सडतो आणि सडतो तो नेमका बुडाशी, जिथे पावसाचं पाणी साचतं. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप बरा, पण वेल्डिंग केलं की त्या जागी जस्त जळतं, आणि तिथे जस्ताचा रंग भरला नाही तर गंज तिथूनच सुरू होतो. स्टेनलेस स्टील म्हणजे न गंजणारं, ही समजूतही अर्धीच खरी. बाजारात साधारण तीन प्रती मिळतात. २०२, ३०४ आणि ३१६. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, ते समुद्राकाठी लवकर तांबूस डागाळतं. ३०४ त्याहून चांगलं. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेसाठी तेच योग्य. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, 'बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल.' मंडळी, २०२ लाही चुंबक चिकटत नाही. ही परीक्षाच चुकीची आहे. बिलावर प्रत लिहून मागा. आम्ही मागितली नव्हती. दोन पावसाळ्यांत आमच्या पाइपांवर चहाचे डाग पडल्यासारखे डाग पडले.

दुसरं, कुठे रुतलं आहे. इथे थोडं गणित आहे, घाबरू नका. १९८७ च्या भारतीय मानकात घराच्या खाजगी बाल्कनीच्या कठड्याने दर मीटर लांबीला साधारण ३५ किलोचा आडवा रेटा सोसावा, असं धरलं आहे. खांब १.२ मीटरवर असतील तर एका खांबावर ४२ किलो. हा रेटा वर, मीटरभर उंचीवर. खाली पट्टीतले बोल्ट एकमेकांपासून ८ सेंटिमीटरवर. पहारीने धोंडा उचलतो तसा हा प्रकार. मागच्या बोल्टना वर ओढणारा जोर निघतो सव्वापाचशे किलोच्या आसपास! आता सांगा, हा बोल्ट फरशीत आणि गिलाव्यात मारलेला चालेल? चिरा तर सच्छिद्र दगड. त्यात ठोकलेला प्रसरण पावणारा बोल्ट आज घट्ट वाटतो, आणि दोन पावसाळ्यांनी भोक मोठं होऊन हलायला लागतो. बोल्ट काँक्रीटच्या तुळईत किंवा स्लॅबमध्येच जायला हवा, कडेपासून पुरेसा आत.

आणि ३५ किलो हा आकडा रोजच्या घरासाठी आहे. गर्दीच्या जागांसाठी तेच मानक २२५ किलो सांगतं, म्हणजे सहापटीहून अधिक. आता शिमगा आठवा. श्रीदेव भैरीची पालखी रस्त्याने येते. घरची, पाहुणे, शेजारी, सगळे गच्चीच्या कठड्याशी, मागचे पुढच्यांना रेटतात. त्या अर्ध्या तासात तुमची खाजगी बाल्कनी सार्वजनिक होते. त्याच बोल्टवर मग सव्वातीन टनांहून अधिक ओढ येते. कठडा वर्षभर टिकला याचा अर्थ तो पालखीच्या दिवशी टिकेल असा होत नाही.

तिसरी गोष्ट आखणी. उंची एक मीटरहून कमी नको. आमच्या मते बेचाळीस इंच ठेवावी. ती मोजायची तयार फरशीपासून. जुन्या फरशीवर नवी फरशी घातली की कठडा दोन-तीन इंचांनी आखूड होतो, हे कुणी लक्षात घेत नाही. कठड्याशी कुंड्या, बाकडं, पाण्याची टाकी असेल तर उंची त्यांच्या माथ्यापासून मोजा, कारण मूल तिथूनच सुरुवात करतं. गज उभे असावेत. दोन गजांमधलं अंतर चार इंचांच्या आत. इंग्लंडात १०० मिलिमीटरचा गोळा कठड्यातून जाता कामा नये असा नियम आहे. अमेरिकेत पूर्वी सहा इंचांचं अंतर चालत असे, ते १९९० च्या दशकात चारवर आणलं. का? सहा इंचांतून लहान मुलाचं धड निसटतं. आपल्याकडे गोळा नको, सोललेला नारळ घ्या. तो गजांतून पलीकडे गेला तर अंतर कमी करायला हवं. आणि काच लावायचीच असेल तर दोन काचांमध्ये पापुद्रा असलेली लॅमिनेटेड घ्या. नुसती टफन्ड काच फुटली की तिचे दाणे होऊन खाली पडतात आणि कठड्याच्या जागी उरते पोकळी.

हे सगळे नियम कोरडे वाटतात. पण त्यांच्यामागचा विचार फार जुना आहे. बायबलच्या जुन्या करारात, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, नवं घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा करायची आज्ञा आहे. तिथून कुणी पडलं तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येऊ नये म्हणून. त्या आज्ञेत पडणारा कोण हे सांगितलेलं नाही. घरचा, पाहुणा, चोर, कुणीही. तो सावध होता की बेसावध, हेही विचारलेलं नाही. दोष घरावर येतो. आम्ही चाळीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं, जबाबदारीची इतकी सरळ मांडणी क्वचित पाहिली.

सावध माणसाला कठडा लागत नाही, तो कडेपासून लांबच राहतो. कठडा लागतो तो विसरलेल्याला, झोपेतून उठलेल्याला, गर्दीत ढकलल्या गेलेल्याला, आणि अजून काही कळतच नाही अशा मुलाला. घर बांधताना यांच्यापैकी कुणीही तिथे हजर नसतं. हजर असतो मालक, जो समुद्राकडे पाहतो, आणि बसवणारा, जो मालकाच्या तोंडाकडे पाहतो. म्हणून गैरहजर माणसाच्या वतीने कुणीतरी बोलायला हवं. नियम हे त्याचं बोलणं आहे.

आम्ही काय केलं, ते सांगून थांबतो. दिवाळी संपायच्या आत आडव्या पाइपांना आतून नायलॉनची जाळी बांधली. ती तात्पुरती. मग पाऊस थांबायची वाट पाहिली, कारण ओल्या भोकात रसायन धरत नाही. पुढच्या डिसेंबरात सगळं उतरवलं. उतरवताना गच्चीचा एक खांब बोल्टांसकट नुसता हाताने वर आला. बोल्ट फरशी आणि गिलाव्यातच होते. त्या खांबाला टेकून आम्ही दोन वर्षं संध्याकाळचा चहा घेतला होता.

नव्या रेलिंगचे खांब तुळईत, बाजूने बसवले. भोक पाडून, ब्रशने आणि हवेने धूळ काढून, रसायन भरून, मग बोल्ट. एक दिवस कुणाला हात लावू दिला नाही. ३१६ चे उभे गज, साडेतीन इंचांवर. हे अंतर आम्ही या जुन्या लाकडी गजांवरून घेतलं. उंची बेचाळीस इंच. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुतो. खर्च पहिल्याच्या दुपटीहून जास्त आला, आणि समुद्राची ती पट्टी आता गजांआडून दिसते.

नात यंदा आली होती, सात वर्षांची झाली. तिला आता उंचीही कळते आणि भीतीही. ती म्हणाली, 'आजोबा, आधीचं छान होतं, यावर चढता येत नाही.'

घरी गेलात की सोललेला नारळ आणि मोजपट्टी घेऊन एकदा आपल्या कठड्यापाशी जा. मग दोन्ही हातांनी तो जोरात हलवून पाहा, अंग मात्र कडेच्या आत ठेवून.